तलावात आधी पाणी येऊ द्या, पाळीवर दिवे मग लावा
(पूर्व विदर्भातल्या एका धान उत्पादकाचे खुले पत्र)

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष व सदस्य, मुख्य कार्यकारी अधिकारी, लघु पाटबंधारे विभागाचे अभियंते,
आमची जिल्हा परिषद.

विषय : गावच्या माजी मालगुजारी तलावाच्या सौंदर्यीकरणाचे काम थांबवून आधी दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,

दिवाळी सरली आणि आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, निळा फलक उभा राहिला. कामाचे नाव ‘तलावाचे सौंदर्यीकरण व खोलीकरण’. नावावरून काही कळेना म्हणून अंदाजपत्रकाची प्रत काढली. पाळीवर पेव्हिंग ब्लॉकची पायवाट, लोखंडी रेलिंग, एलईडीचे खांब, सिमेंटचे बाक, शोभेची झाडे, प्रवेशकमान, सेल्फी पॉइंट. गावाच्या बाजूच्या काठाला सिमेंटची उभी भिंत. तलावाच्या पोटात सरसकट खोदाई. रक्कम इथे मुद्दाम लिहीत नाही. भांडण रकमेचे नाही, ती कशावर जाणार त्याचे आहे. एवढ्या पानांत तुडुमाचा, म्हणजे पाटात पाणी सोडायच्या दाराचा, तुमच्या भाषेतल्या विमोचकाचा, उल्लेख नाही. जादा पाणी जिथून बाहेर पडते त्या सांडव्याचा नाही. पाटाचा नाही. ज्या नाल्याने तलावात पाणी येते त्याचा तर नाहीच नाही.

आम्ही रीतसर अर्ज दिले. पोच मिळाली, शिक्का मिळाला, लेखी उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

माझी जमीन याच तलावाखाली आहे, आणि तीही पाटाच्या शेपटाला. शेपटाला असलेल्या कास्तकाराला तलावाची तब्येत सगळ्यात आधी कळते, कारण पाणी कमी पडले की पहिल्यांदा त्याचीच बांधी, म्हणजे धानाचे खाचर, कोरडी राहते. आमच्याकडे वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. कागदावर हा आकडा पाहून ‘यांना कशाला पाणी कमी पडते’ असे वाटत असेल. पण तो सगळा जून ते सप्टेंबरात पडून मोकळा होतो. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान निसवायला येतो तेव्हा पाऊस परतीच्या वाटेला लागलेला असतो, आणि नेमके त्या पंधरवड्यात एक पाणी मिळाले तर पोते भरते, नाही तर लोंबीत पोचट राहते. त्या एका पाण्यासाठी हा तलाव आहे. बाकी गुरांचे पाणी, ढिवर या मच्छीमार समाजाची मासेमारी, उन्हाळ्यात गावच्या विहिरींना टिकणारी ओल, हे सगळे त्याच्या मागोमाग येते.

असे तलाव आमच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात साडेसहा हजारांच्या वर आहेत. ते निसर्गाने दिलेले नाहीत. गोंड राजांच्या काळात, जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला गाव आणि तलाव बांधणाऱ्याला तलावाखालची जमीन, अशा रिवाजाने ते उभे राहिले. त्यातले बहुतेक कोहळी समाजाच्या माणसांनी बांधले. नवेगाव बांधचा मोठा जलाशयही कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी आणि पायांनी मोजून त्यांनी जागा निवडल्या. एका तलावाचे वाहून गेलेले पाणी खालच्या तलावात, त्याचे खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, अशी साखळी लावली. इंग्रजी अमदानीत मालगुजार, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे जमीनदार, त्यांचे मालक झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. पुढे १९६० साली महाराष्ट्र आला आणि १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आले.

मालगुजारी गेली याचे दुःख कुणालाच नाही. वेठीने माती उपसलेल्या माणसांची नातवंडे आजही गावात आहेत. पण मालगुजार दरवर्षी रोवणीआधी पाळ बघायचा, पाट साफ करवून घ्यायचा. ते काम सरकारकडे आल्यावर नेमके कुणाचे, हे ठरलेच नाही. पाणीपट्टी मागितली तर कास्तकार म्हणाला, आमच्या बापजाद्यांचा या पाण्यावर हक्क वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रिवाजांच्या जुन्या सरकारी नोंदीत, लिहिलेला आहे, पैसे कशाचे? वसुली नाही म्हणून खात्याने दुरुस्ती सोडली, आणि दुरुस्ती नाही म्हणून कास्तकाराने पट्टी सोडली. यात दोघांचेही चुकले असे माझे मत आहे. तरी मालक कोण, हा प्रश्न उरत नाही. सातबाऱ्यावर तलाव तुमचा आहे.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार येव्याची, म्हणजे तलावात येणाऱ्या पाण्याची. तलावाच्या वरच्या अंगाला झुडपी जंगल आहे. तिथून येणारा नाला पूर्वी गाडीवाट ओलांडून तलावात उतरायचा. वाटेवर दगडी रपटा होता, पाणी त्यावरून वाहून जायचे. रस्ता रुंद झाला तेव्हा रपटा गेला आणि पुरुषभर उंच भराव आला. भरावाखाली सिमेंटचे दोन पाइप टाकले. गेल्या श्रावणात जोराचा पाऊस झाला त्या सकाळी मी तिथे जाऊन उभा राहिलो. दोन्ही पाइपांची तोंडे निम्म्याहून जास्त गाळाने, पळसाच्या पाल्याने आणि प्लास्टिकने बुजलेली. एका तोंडात बाभळीची अख्खी फांदी आडवी बसलेली. पाणी भरावाला धडकत होते, घोटाळत होते, आणि मग रस्त्याच्या कडेच्या नालीने वळून सरळ नदीकडे जात होते. पलीकडे तलावाचा सांडवा कोरडा. खाली बांध्यांत माणसे आभाळाकडे बघत होती आणि त्यांच्या हक्काचे पाणी त्यांच्या मागून निघून चालले होते. त्या ठिकाणी नीट मोरी बांधायला किती खर्च येईल ते तुमचे अभियंते बसल्या जागी सांगतील. माझा अंदाज असा, की प्रवेशकमानीपेक्षा फार जास्त येणार नाही.

रस्ता दुसऱ्या विभागाचा आहे, हे उत्तर आम्हाला तोंडी मिळाले आहे. नाल्याला विभाग कळत नाहीत. दोन विभागांचे दोन साहेब एका जीपमधून येऊन ती जागा बघू शकतात, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरी तक्रार तुडुमाची. जुन्या धाटणीच्या दगडी तुडुमाला पायऱ्यापायऱ्यांवर भोके असत आणि त्यांत लाकडी बुचे. पाणी उतरेल तसे वरून खाली एकेक बूच काढायचे. ते काढून तिथे लोखंडी फाटक बसवले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. फाटकाचा दांडा वाकला आहे, आट्या झिजल्या आहेत, चक्र कुणी तरी भंगारात विकले. फाटक पुरते उघडत नाही आणि पुरते मिटतही नाही. म्हणून दर पावसाळ्यात गावातली चार पोरे छातीभर पाण्यात उतरतात, युरियाच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून तोंडावर रचतात आणि फटींत तणस कोंबतात. तरी पाणी झिरपत राहते. पाळीच्या मागच्या पायथ्याला बारमाही ओल आहे आणि तिथे बेशरम नावाचे झुडूप माणसाच्या डोक्याहून उंच वाढले आहे. जुन्या मातीच्या पाळीच्या पायथ्याशी अशी ओल दिसणे म्हणजे काय, हे अभियंत्यांना मी सांगायला नको. त्याच पाळीवर तुम्ही ब्लॉक बसवून वरून खांबांचे खड्डे खोदणार आहात.

तिसरी तक्रार खोलीकरणाची. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण ‘खोल केले की पाणी वाढले’ हे सगळ्यांना पटते, आमच्या गावातही पटते.

तलावाखालच्या बांध्यांना पाणी आपोआप जाते ते तुडुमाचा तळ ज्या पातळीला आहे तिथपर्यंतच. त्याखाली तुम्ही आणखी दोन पुरुष खोदले, तरी ते पाणी पाटात चढणार नाही. ते गुरांना, माशांना, विहिरींना उपयोगी पडेल, हे मान्य. पण ‘सिंचन क्षमता पुनर्स्थापित’ असे जे अंदाजपत्रकात लिहिले आहे ते या खोदाईने होणार नाही. त्यासाठी तुडुमाच्या पातळीच्या वरचा, कडेकडेने साचलेला गाळ निघायला हवा. खोदाई मात्र मधोमध धरली आहे, कारण तिथे यंत्र सोयीने फिरते.

शिवाय तळाच्या काळ्या चिकट थराखाली मुरूम आहे. आसपासच्या गावांत काय झाले ते आम्ही पाहिले आहे. गाळ काढतो म्हणून यंत्र उतरते, दोन दिवसांत चिकट थर बाजूला होतो आणि मग भरलेले टिप्पर रस्त्याच्या कामावर निघतात. मुरूम हे गौण खनिज, त्याचा परवाना वेगळा आणि स्वामित्वधनही वेगळे. तो थर फुटला की तलाव पाणी धरत नाही, आणि उभ्या कडांचे डोह तयार होतात, ज्यांत उन्हाळ्यात तहानलेली म्हैस उतरली की वर येत नाही. गाळ काढायला आमचा विरोध नाही. उलट ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. लहान कास्तकाराला गाळ शेतात नेण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत, अनुदानाची तरतूद तिच्यात आहे. ती इथे का लावली नाही? गाळ आमच्या बांधीत पडू द्या. किती ब्रास निघाला आणि कुणाच्या शेतात पडला, याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

अतिक्रमणाबद्दल लिहिताना माझी थोडी अडचण होते, कारण अतिक्रमण करणारे बाहेरचे नाहीत. त्यांत माझी भावकीही आहे. पाणी उतरले की मोकळ्या झालेल्या कडेला गाळपेर करायची, हरभरा किंवा जवस घ्यायचा, आणि पावसाळ्यात जमीन पुन्हा पाण्याला द्यायची, असा जुना रिवाज. आता त्या कडेला पक्के धुरे घातले गेले आणि तिथे पावसाळी धान लागतो. तो बुडू नये म्हणून रात्रीतून सांडव्याच्या दगडांत खाच पाडली गेली. दरसाल ती रुंदावते आहे. म्हणजे चांगला पाऊस झाला तरी तलाव आता जुन्या पातळीपर्यंत भरूच शकत नाही. याची मोजणी व्हावी म्हणून आम्ही मागणी केली, तर ‘आधी सौंदर्यीकरण होऊ द्या, वाद कशाला’ असे सांगण्यात आले. ग्रामसमाजाच्या तळ्यांवरची आणि सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याच्या योजना करा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये सगळ्या राज्यांना बजावले होते. केंद्राने जलसाठ्यांची पहिली गणना २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात देशभरचे २४,२४,५४० जलसाठे आहेत, महाराष्ट्रातले ९७,०६२, आणि देशात अतिक्रमण झालेले ३८,४९६. या अतिक्रमितांच्या यादीत आमचा तलाव आहे की नाही, तेवढे कळवा. नसेल, तर गणना करणारा माणूस पाळीवर आला होता का, हेही कळवा.

आणि ढिवर. तलावाचा मासेमारीचा ठेका त्यांच्या सहकारी संस्थेकडे आहे, पण अंदाजपत्रक बनवताना त्यांना कुणी विचारले नाही. पहिल्या पावसात मरळ, मागूर, दाडक असे देशी मासे काठच्या उथळ गवतात येऊन अंडी घालतात. रोहू-कतल्याचे बोटुकले, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, विकत आणून सोडता येते, या माशांचे सहजी मिळत नाही. तिथे सिमेंटची उभी भिंत आली की तो काठच संपला. पाणपक्षीही त्याच उथळ काठाचे. राज्यात सारस आज मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात उरले आहेत, आणि ते धानाच्या बांध्या आणि असेच तलाव धरून आहेत. २०१७ च्या पाणथळ नियमांचे संरक्षण आम्हाला मिळत नाही, कारण सिंचनासाठी बांधलेले जलसाठे त्या व्याख्येतून वगळले आहेत. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या तलावालाही तोच नियम. तेव्हा वाचवायचे असेल तर ते तुम्हीच, दुसरे कुणी येणार नाही.

हे काम कसे करायचे त्यासाठी लांब जायला नको. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजाच्या बायका-माणसांनी काही तलावांतला बेशरम मुळासकट काढला, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती लावल्या. मासे आणि पक्षी परत आले. तिथे कमान नाही. एकदा जाऊन बघून या.

पर्यटन येईल, पोरांना रोजगार मिळेल, असे आम्हाला सांगितले जाते. येऊ द्या. पण वैशाखात कोरड्या पडणाऱ्या तलावात नौकाविहार कसा करणार? आणि पाटाला पाणी नसलेल्या गावातली पोरे सेल्फी पॉइंटवर चहा विकून राहतील, की नागपूर-हैदराबादची गाडी धरतील? उपाशी माणसाला नवा सदरा शिवण्यासारखे हे झाले. शिवा, ना नाही. आधी जेवू घाला.

आमचे मागणे असे.

पाळीवरचे सिमेंटचे काम आणि काठाची भिंत आजच थांबवावी, आणि तोच निधी पुढील कामांवर वळवावा. वळवता येत नसेल, तर कोणत्या नियमाने येत नाही ते लेखी द्यावे. वरच्या रस्त्याखाली पुरेशी मोरी व्हावी आणि तिथून तलावापर्यंत नाला मोकळा व्हावा. पाणी उतरताच, होळीच्या आत, तुडूम बदलून पाळीच्या पायथ्याची गळती थांबवावी. सांडव्याची खाच भरून तो जुन्या पातळीला आणावा, पण त्याआधी भूमी अभिलेखाकडून तलावाची मोजणी करून हद्दीचे दगड बसवावेत, म्हणजे कुणावर अन्याय झाला असे व्हायचे नाही. ज्यांची पोटापाण्याची दुसरी सोय नाही अशा दोन-तीन घरांना गाळपेरीचा पट्टा रीतसर द्यावा. आमची हरकत राहणार नाही.

खोदाई तुडुमाच्या पातळीवरच्या गाळापुरतीच असावी आणि मुरमाला हात लागू नये. काठ उताराचेच राहावेत.

यापुढे तलावाचे कोणतेही काम ग्रामसभेच्या ठरावाशिवाय येऊ नये. हे काम ग्रामपंचायतीच्या मासिक सभेच्या ठरावावर आले. ग्रामसभेपुढे विषय ठेवलाच गेला नाही. लहान पाटबंधारे, पाणलोट आणि मासेमारी हे विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे म्हणून लिहिलेले आहेत. निदान विचारायला तरी काय हरकत आहे? तलावाची एक समिती करा, तिच्यात पाटाच्या शेपटाचा एक कास्तकार आणि ढिवर संस्थेचा एक माणूस असू द्या, बायकाही असू द्या. पाणीपट्टीचे आमच्याकडे लागले. फाटक मिटते आणि पाट शेपटापर्यंत वाहतो एवढे झाले, तर ती गोळा करून देण्याचा ठराव मी स्वतः मांडीन.

पुढची ग्रामसभा प्रजासत्ताक दिनी आहे. त्या दिवशी आपल्या अभियंत्यांनी लेव्हल मशीन आणि तलावाचा मूळ नकाशा घेऊन यावे. सभा आटोपल्यावर आपण सगळे मिळून नाल्यापासून शेपटापर्यंत शिवारफेरी करू. पाट कुठून कुठे जायचा हे माहीत असलेली दोन म्हातारी माणसे गावात अजून आहेत, त्यांना आम्ही गाडीत बसवून आणतो.

आपला,
तलावाखालचा एक कास्तकार

प्रत माहितीसाठी : सरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत, अध्यक्ष, मच्छीमार सहकारी संस्था, आणि हे पत्र वाचणारे खालच्या तलावावरचे गाववाले, ज्यांच्याकडे आमचे वाहून गेलेले पाणी जायला हवे होते.